माझ्या नावाची मूठ

बसा. त्या खुर्चीवर बसा, पलंगाचा पाय हलतो. हा बाळू, काही करत नाही, एकदा पायांचा वास घेईल आणि आपोआप खाली बसेल, फक्त त्याच्याकडे बघू नका, बघितलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं. आणि तो पाटावर झाकून ठेवलेला डबा आहे ना, त्याला तेवढा हात लागू देऊ नका. काल कानबाईचा रविवार झाला, त्यातलं आहे ते. सांगते, तेच सांगायचं आहे, पण पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई काहीही बोलून राहिली.

मी धरणगावची. वडिलांची कापसाची शेती, काका आणि मोठी आई, म्हणजे काकू, शेजारच्याच खोल्यांत, अंगण एक. मी थोरली, माझ्या पाठीवर भाऊ. शाळा, मैत्रिणी, ते सगळ्यांचं असतं तसंच माझंही, त्यात सांगण्यासारखं काही नाही, पण श्रावणातली कानबाई मला अजून अशी समोर दिसते. तुम्ही खानदेशातले नाही म्हणून सांगते, नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते, नारळाला डोळे, नथ, बठ्ठा म्हणजे सगळा साज घालतात, सोमवारी नदीवर नेतात. आणि तिच्यासाठी रोट करायचे. रोट म्हणजे साध्या भाषेत जाड पोळ्या, पण त्याचा गहू असा डब्यातून उपसून घ्यायचा नसतो. घरातल्या एकेका माणसाच्या नावाने सव्वा मूठ काढायची. आई सुपासमोर बसायची, एक मूठ भरून टाकायची, वर चिमटीने थोडे दाणे टाकायची आणि नाव घ्यायची, मग पुढची मूठ, पुढचं नाव. आम्ही पोरं अंगणात कुठेही खेळत असलो तरी कान तिकडे, आपलं नाव आलं की परत खेळायला. आणि ते रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला कणभर द्यायचे नाहीत, शेजारीण कितीही जवळची असू दे.

मला दोंडाईच्याला दिलं. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही सांगते, पण तो कामाला सुरतेला गेला आणि तिकडेच त्याने दुसरं घर केलं. पहिल्या वर्षी सासूने माझ्या नावाची मूठ काढली होती, मी समोर बसून ऐकली. पुढच्या श्रावणाच्या आत मी धरणगावला परत. तर त्या रविवारी आई सुपासमोर बसली, वडिलांची मूठ झाली, भावाची झाली, आईने हात परत डब्यात घातला आणि माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात मोठी आई बोलली, व माय, तिनी मूठ आते दोंडाईचाले धरतीन ना. म्हणजे लग्न झालेल्या पोरीची मूठ सासरी. आईने हात रिकामा बाहेर काढला. रीतीने बोलली मोठी आई, तिची चूक नाही काढत मी. पण दोंडाईच्याला कोण धरणार होतं माझी मूठ? तिकडेही नाही आणि इकडेही नाही. त्या दिवशी बठ्ठे रोट मीच लाटले, काय सांगू तुम्हाला, हात दुखेपर्यंत लाटले, आणि जेवताना मला वेगळ्या पिठाची पोळी वाढली. गोडच होती. आई वाढताना माझ्याकडे बघत नव्हती.

मग मी बीकॉम पुरं केलं, जळगावला आले, खोली घेतली आणि बियाण्याच्या एका कंपनीच्या ऑफिसात लागले. बिलं करायची, फोन घ्यायचे. चांगलं ऑफिस होतं, पंखा माझ्याच डोक्यावर होता. मॅडम म्हणायचे सगळे. मॅडम बिल झालं का, मॅडम साहेब आले का, मॅडम चहा सांगा. पण माझं नाव लता आहे हे तिथे किती जणांना माहीत होतं कोण जाणे. एकदा मला टायफॉइड झाला, बरीच रजा पडली, परत गेले तर शेजारच्या टेबलवरचे पाटील भाऊ म्हणाले, मॅडम, त्या शिरपूरच्या पार्टीचं बिल राहिलं बरं का. बस. मी म्हटलं हो, करते. मी काही रागावले नाही, त्यांनाही त्यांचे व्याप. पण संध्याकाळी खोलीवर जाऊन मी कुलूप उघडलं आणि तशीच दारात उभी राहिले, आत जावंसंच वाटेना.

ऑफिसच्या मागे गोडाऊन होतं. मालकाच्या मुलाने एक मोठा काळा कुत्रा आणला होता, हौसेने आणला आणि मग त्याला वेळ नाही म्हणून तो गोडाऊनच्या सावलीत बांधलेला. मी डब्यातली भाकरी उरली की द्यायची. मग जेवणाच्या सुट्टीत त्याला सोडून गोडाऊनभोवती चक्कर मारायला लागले. सकाळी मी गेटातून आत आले की तो उठून उभा राहायचा. अख्ख्या ऑफिसात माझ्या येण्याने उठणारा तो एकटाच, आणि हे मी हसत सांगते, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं.

मालकांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, आमच्याकडेही एक आहे, सकाळी फिरवाल का? मग त्यांच्या शेजाऱ्यांनी विचारलं. जळगावात आता असे बंगले पुष्कळ झालेत बघा, पोरं पुण्याला नाहीतर परदेशात, घरात दोघं म्हातारे आणि पोराने जाताना ठेवलेला कुत्रा. म्हाताऱ्यांना तो ओढून पाडतो. आमच्या उन्हाळ्यात एकाने तर बर्फातला कुत्रा आणलाय, झुबकेदार, तो बिचारा कूलरसमोरून हलत नाही. सकाळी ऑफिसच्या आधी दोन घरं, संध्याकाळी दोन घरं असं करत करत एक वेळ अशी आली की ऑफिस मधे यायला लागलं. तेव्हा मी राजीनामा दिला. मालकांनी तो वाचला, परत वाचला, म्हणाले, मॅडम, कुत्री फिरवायला नोकरी सोडताय? मी म्हटलं हो. पाटील भाऊंना वाटलं मी गंमत करते. जाताना हार घातला, सामोसे आणले, आणि भाषणात माझं नाव चुकून सुलता घेतलं. मी दुरुस्त केलं नाही, आता काय करायचं होतं.

भावाला फोन केला. तो म्हणाला, ताई, गावात ऑफिसातच आहे असं सांगत जा, पोरीचं बघायला सुरुवात केलीय, लोक विचारतात आत्या काय करते. मी म्हटलं, मी चोरी करते का? तर म्हणाला, तसं नाही ताई, पण कुत्री म्हणजे. म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही. त्याआधी दर श्रावणात तो मला बोलवायचा, रोट लाटायला. मूठ नाही तर नाही, पण लाटायला मी लागायचीच, वहिनीला जमत नाही. त्या वर्षी फोन आला, ताई, या वेळी तू दगदग करू नको, वहिनीची बहीण येणार आहे. तेव्हा मला कळलं की लाटण्यापुरतं जे घर होतं तेही गेलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी मेहरूणच्या तलावावर कुत्रा घेऊन गेले आणि काठावर बसून रडले, आणि त्या कुत्र्याला पाण्यातले बगळे बघायचे होते, तो मला ओढत होता.

कामाचं म्हणाल तर काम चांगलं आहे. उजाडायच्या आत निघायचं, कारण वैशाखात आमचे रस्ते असे तापतात की उघडा पाय टिकत नाही, मी आधी हाताची पालथी बाजू डांबरावर ठेवून बघते, मला चटका बसला तर त्यालाही बसणार. सोबत काठी, पाण्याची बाटली, आणि घाण उचलायला जुने पेपर. लोक बघतात. एका बाईने विचारलं, तुम्हाला पोरंबाळं नाहीत का? मी म्हटलं, आहेत की, ही काय चार पायांची. ती हसली आणि रस्ता ओलांडून गेली. दिवसभरात माझं बोलणं होतं ते यांच्याशीच, चल, थांब, नको खाऊ ते. माणसाशी बोलणं म्हणजे फाटकातून पट्टा घ्यायचा आणि फाटकातून पट्टा द्यायचा.

फक्त अक्काकडे तसं नव्हतं. अक्का शिंदखेड्याकडची, तिचे यजमान हेडमास्तर होते, ते वारले, दोन्ही मुलं बाहेर, धाकट्याने हा बाळू आणून ठेवला. त्याने नाव ब्रुनो ठेवलं होतं, अक्का म्हणाली, मना जिभले ते जमत नही, मी बाळूच म्हनसू. मी पट्टा घ्यायला गेले की म्हणायची, ये व माय, आधी च्या पी, तो कोठे पळी जाई नही राहिना. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, कोठली तू? मी म्हटलं धरणगावची, दिली दोंडाईच्याला. मग? मी म्हटलं, मग काही नाही. तिने पुढे कधी विचारलं नाही. असं न विचारणारं माणूस भेटायला नशीब लागतं.

तर अक्काकडची कानबाई. एकटी बाई, पण मूठ काढायला बसली की थोरल्याची, थोरल्या सुनेची, नातवांची, धाकट्याची, धाकट्या सुनेची, सगळ्यांच्या नावाने काढायची. त्यातलं एकही घरात नाही. एवढे रोट करायची आणि एकटीच पुढे कितीतरी दिवस खात बसायची, कारण दुसऱ्याला द्यायचे नाहीत. त्या रविवारी मी बाळूला फिरवून आणला, दारात पट्टा सोडला, आणि हा सरळ स्वयंपाकघरात. परातीतला वरचा रोट उचलला आणि खाल्ला. तुम्हाला नाही कळायचं, पण आमच्यात हे म्हणजे फार मोठं. कुळाचं अन्न, त्यात कुत्र्याने तोंड घातलं, आणि पट्टा माझ्या हातून सुटलेला. मी उंबऱ्याशीच उभी, आत जाऊ की नको. म्हटलं, अक्का, मी पीठ आणून देते, परत करून देते. अक्का जमिनीवर बसलेली, बाळूकडे बघत राहिली. मग म्हणाली, आते खाधं ना त्यानी, मंग घरनाच जया तो. पुढला सालले त्यानी मूठ धरनी पडी. म्हणजे खाल्लं तर तो घरचाच झाला, पुढच्या वर्षी त्याचीही मूठ काढायची.

मी सुटले. पण सांगू का, घरी जाताना माझ्या मनात काय होतं? मला त्या कुत्र्याचा हेवा वाटला. पन्नाशीला आलेली बाई, कुत्र्याचा हेवा. त्याने एक घास खाल्ला आणि तो मोजला गेला, आणि मी जन्मभर लाटून लाटून उंबऱ्यावरच. अक्काने मला रोट दिला नाही. देता येत नाही, मला माहीत आहे, मी मागितलाही नसता. तिने चहा दिला आणि केळी दिली, घरी न्यायला. केळी देताना माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला, तेवढंच.

दिवाळीनंतर धाकटा आला आणि अक्काला पुण्याला घेऊन गेला. गुडघे गेले होते तिचे. फ्लॅट वरच्या मजल्यावर, सुनेला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात, मग बाळूचं काय? मुलगा म्हणाला, मावशी, बघा ना कोणी घेणारं. मी म्हटलं, कोणी कशाला. अक्का गाडीत बसली, काच खाली केली, पट्टा माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, त्यानी मूठ विसरू नको. गाडी गेली. बाळू तिच्यामागे धावला नाही, माझ्या पायावर बसून राहिला, वजनदार आहे, माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हलले नाही.

काल सकाळी तिचा फोन. तिकडे त्यांच्याकडे काही केलं नाही म्हणे, सगळ्यांना सुट्टी होती, बाहेर गेले होते. मला म्हणाली, धरी का व माय बाळूनी मूठ? मी म्हटलं, आता बसते. पूर्ण कानबाई काही मी बसवली नाही, ते भाऊबंदांचं काम, एकट्या बाईचं नव्हे. दिवा लावला, सूप नव्हतं म्हणून ताट घेतलं. गव्हाची मूठ भरली, वर चार दाणे टाकले, म्हटलं, बाळू. झालं. डबा बंद करायचा. पण माझा हात आतच राहिला, आईचा त्या रविवारी राहिला होता तसा. कोणी बोलणारं नव्हतं, मोठी आई नाही, कोणी नाही. मग मी मूठ भरली. आपलंच नाव आपण घ्यायचं म्हणजे लाज वाटते हो. खाकरले. म्हटलं, लता. किती वर्षांनी ऐकलं मी ते मुठीबरोबर. बाळूने कान टवकारले, त्याला काय कळलं देव जाणे, आणि मला रडू आलं, ताटात पाणी पडू नये म्हणून मी मागे सरकले.

कुणी म्हणेल हे रीतीत बसत नाही, याचं कुळ अक्काचं, हिचं कुळ कोणतं? ते दोंडाईचा आणि धरणगावने आपसांत ठरवावं, मी दोन्हीकडे विचारायला जाणार नाही. एकटं वाटायचं ते वाटतंच, संध्याकाळी पट्टे परत देऊन आलं की वाटतंच. रोट आम्ही दोघांनी खाल्ले, थोडे उरलेत, ते आहेत त्या डब्यात. तुमच्या घरी तुमचं नाव घेणारं कोणी असेल, त्याला देव सुखी ठेवो, तुम्हालाही ठेवो, एवढं ऐकून घेतलंत.

नाही, तो डबा नका उघडू, राग मानू नका. ते तुम्हाला देता येणार नाही, घरच्या माणसांनीच खायचं असतं. चहा ठेवते. आणि जाताना केळी घेऊन जा.