संपल्याशिवाय म्हणायचं नाही

आता मला सांगा, ज्याच्या हाताखाली कधी काही संपलंच नाही, त्या माणसानं 'रन आऊट ऑफ' म्हणायचं तरी कधी? म्हणजे एखादी वस्तू वापरता वापरता संपणं, शिल्लकच न राहणं. हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये आहे मी. कापूस, बँडेज, बल्ब, फिनेल, शेवटचा खोका फोडायच्या आत नवा आलेला असतो… आणि हेड स्टोअरकीपरच्या जागेची मुलाखत इंग्रजीत! इंग्रजीच्या क्लासच्या बाई म्हणाल्या, "काका, तुमच्या कामात हे येणारच. पण पाठ नका करू. खरंच काही संपेल तेव्हाच म्हणा, मग जन्मात विसरणार नाही. दूध संपतं, पेट्रोल संपतं, पेशन्ससुद्धा संपतो." पेशन्स म्हणजे धीर. तोही संपतो म्हणे.

आता भरलेल्या कपाटासमोर उभं राहून 'संपलं' कसं म्हणू? जीभच रेटेना. म्हटलं, घरी संपू द्यायचं. ठरवलं म्हणजे ठरवलं.

तुम्हाला सांगतो, पहिला गेला साबण. मेहुणा मुक्कामाला आलेला, अंगावर पाणी ओतून झालेलं, आतून हाक, "भावजी, साबण कुठंय?" मी दाराबाहेर ताठ उभा राहून म्हणालो, "वुई हॅव रन आऊट ऑफ सोप." आतून हळूच, "आऊट कोण झालं ते नंतर सांगा हो, मी इथे कुडकुडतोय."

मग टूथपेस्ट. मग गॅस, तोही भात अर्धा शिजलेला असताना. मी वाक्य म्हटलं, तर मुलगी म्हणते, "बाबा, 'ऑफ' राहिला. पुढे वस्तूचं नाव आलं की 'ऑफ' हवाच. नाहीतर सरळ 'द गॅस हॅज रन आऊट' म्हणा, तिथे नाही लागत." बायकोनं पातेलं माझ्यापुढे सरकवलं, "व्याकरण झालं असेल तर हा कच्चा भात खा आता इंग्रजीत." खाल्ला. ठरवलं म्हणजे ठरवलं.

मुलाखतीला तीन जण. मधल्या मॅडमनी विचारलं, "हॅव यू एव्हर रन आऊट ऑफ एनीथिंग इन युअर स्टोअर?" बघा, नेमकं तेच! साबण, पेस्ट, गॅस, सगळे ओठांवर रांग लावून उभे… पण प्रश्न स्टोअरचा होता हो, घराचा नव्हता. आणि स्टोअरचं खरं उत्तर एकच. "नो, मॅडम."

संपली मुलाखत. एवढ्या दोन शब्दांवर जागा मिळाली मला. कच्चा भात कुठे कामी आला, सांगा?

घरी येऊन म्हटलं, "जागा मिळाली, चहा टाक." बायको ओट्यापाशी. मागे न वळता म्हणाली, "वुई हॅव रन आऊट ऑफ टी. शुगर. मिल्क." 'ऑफ' अगदी जागच्या जागी.

मी भीत भीत विचारलं, "आणि पेशन्स?"

"तो साबणाच्या दिवशीच गेला," म्हणाली, आणि पिशवी हातात दिली.

निघाले मग हेड स्टोअरकीपर, कोपऱ्यावरच्या दुकानात.