दुसरी कवळी

— बोलून बघू म्हणता? कवळी नीट बसली का ते कळायला? बरं सांगितलंत डॉक्टर — उभं आयुष्य टेलिफोन ऑफिसात बोलण्याचाच पगार घेतलाय मी. नाही, हिरडीला लागत नाही, छान सांधलीत. माझ्या हातून पडली असं आमच्या चिरंजीवांनी सांगितलं ना तुम्हाला? पडतेय कसली — त्यानंच रागारागात ड्रॉवर आपटला, त्यात तडकली. ड्रॉवरमध्ये कशाला म्हणजे? तिथेच असते ती. जेवणापुरती मिळते, की परत कुलपात. आई विसराळू, हरवेल म्हणून. — तसं तोंड करू नका. पोटचा मुलगा आहे माझा. कधी अंगाला बोट लावलं नाही त्यानं, औषधं वेळेवर देतो, आंघोळीला गरम पाणी असतं — मग? मग काय, काही नाही.

आता भाचीचं म्हणाल — तुम्ही कुठे काय म्हणालात, मीच म्हणतेय — तिला मी जेवताना, कवळी तोंडात असताना, फोनवर म्हटलं, मला तुझ्याकडे राहायला ने. ते यानं ऐकलं. रविवारी ती न्यायला आली, तर कवळी कुलपात. मी आपली नुसती फाफू करतेय, आणि हा शेजारी बसून सांगतोय, आईला हल्ली काही समजत नाही, बोलणंही गेलं. ती बिचारी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं माझ्याशी बोलली, गाल कुरवाळले आणि रडत गेली. मला सगळं समजत होतं हो, शब्द न् शब्द. इतकी लाज जन्मात वाटली नव्हती — पण मला का वाटावी? त्याला वाटायला हवी. याला काय म्हणतात ते तुम्ही सांगू नका, मीच सांगते. छळ म्हणतात. हात न उगारता केलेला, पण छळच. बोलले बाई एकदाची.

तर मला दुसरी कवळी करून द्या, ती माझ्या पर्समध्ये राहील. आणि हा भाचीचा नंबर, पाठ आहे मला, लिहून घ्या — तिला म्हणावं, तुझी मावशी चांगली खणखणीत बोलते, ये तिला न्यायला.

हा बघा आला, गाडी लावून. — बस तिथे. नाही, निघायचं नाही अजून. डॉक्टर माप घेतायत. दुसऱ्या कवळीचं. हो, दुसऱ्या. तुझी किल्ली राहू दे तुझ्याच खिशात.

घ्या डॉक्टर, ही काढून तुमच्या हातात देते, त्याच्या नाही. आणा तो मापाचा लगदा. आता मी गप्प बसणार आहे — माझ्या मर्जीनं.