त्रूदोसच्या दोन बाजू

(बर दुबई. उर्मिलाच्या फ्लॅटचा हॉल. टीपॉयवर दोन मोबाइल आणि निवत चाललेला चहा.)

मैमुनाबी: आणि तुमची मिहिका पण सायप्रसलाच हाय, हे तुम्ही मला आज सांगताव?

उर्मिला: तुमचा यहया तिथे आहे, हे तुम्ही तरी कुठे सांगितलंत, भाभी? दारं आपली समोरासमोर, आणि बातमी मला वॉचमनकडून!

मैमुनाबी: त्यात सांगायचं काय? कंपनीचं ट्रेनिंग हाय. हमरिया फ्री झोनमधनं तिथल्या डोंगरावर पाठवलंय.

उर्मिला: डोंगरावर ट्रेनिंग? तो तर क्रेनचे पार्ट्स विकतो ना?

मैमुनाबी: क्रेन उंच असते, ताई.

उर्मिला: मिहिका कॉलेजच्या ग्रुपबरोबर गेलीये. दिया, काव्या... सगळ्या मुली.

मैमुनाबी: त्यांचा एक तरी फोटू आलाय?

उर्मिला: त्याच फोटो काढतायत.

मैमुनाबी: सगल्या एकदम?

उर्मिला: हे बघा, मी आठवीला भूगोल शिकवते. उगाच संशय नको, सरळ नकाशा बघू. हे बेट. हा मधला सगळा त्रूदोसचा डोंगर. मिहिका इथे, दक्षिण उतारावर, प्लात्रेस गावात. यहया?

मैमुनाबी: त्यानं नाव धाडलंय. काको... काकोपेट्रिया.

उर्मिला: उत्तर उतार! बघा, मधे ऑलिंपस शिखर. एक हजार नऊशे बावन्न मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा तीनशेने जास्त.

मैमुनाबी: अल्ला, बरं झालं! म्हंजे भेटायचा सवालच नाय.

उर्मिला: सवालच नाही. चहा घ्या.

मैमुनाबी: ही पिवली रेघ काय हाय?

उर्मिला: रस्ता.

मैमुनाबी: डोंगरावरनं जातोय.

उर्मिला: हो... म्हणजे, दोन्हीकडचे रस्ते वर एका चौकात मिळतात.

मैमुनाबी: किती वेल लागतो?

उर्मिला: गाडीने अर्धा तास. पण जानेवारी आहे, भाभी. वर बर्फ असतं.

मैमुनाबी: रास अल खोरला यहयाच्या अब्बांच्या वर्कशॉपला जायला मला यापेक्षा जास्त वेल लागतो. कसला डोंगर म्हनायचा हा!

उर्मिला: तसा तो समुद्राचा तळच आहे, वर उचलला गेलेला. जे सगळ्यात खोल होतं, ते नेमकं शिखरावर आलंय. इथले दुबईजवळचे हत्ताचे डोंगर त्याच जातीचे.

मैमुनाबी: तुम्ही डोंगरांची पण जात बघताव?

उर्मिला: टोमणा कळला. पण रविवारी अबू धाबीचे लोक मिहिकाला बघायला येतायत. संजयने शब्द दिलाय त्यांना. माझा जीव टांगणीला लागलाय नुसता.

मैमुनाबी: आमच्यात कोन मोकलं हाय? यहयाच्या फुफूला तिच्या पोरीसाठी जबान दिलीय. तिनं रत्नागिरीत हॉल पण बघून ठेवलाय. हां, आता तो फोटू दावा.

उर्मिला: कुठला?

मैमुनाबी: मी आल्यावर मोबाइल उपडा ठेवलाव, त्यातला.

उर्मिला: बर्फात बसून खातेय, बस. मागे पाइनची झाडं आहेत.

मैमुनाबी: मोठा करा. झाडं नको. डब्याचं झाकन.

उर्मिला: स्टीलचा डबा आहे, कुणाकडेही असतो.

मैमुनाबी: नाव वाचा की, ताई.

उर्मिला: मै... खै... मुकादम.

मैमुनाबी: निकाहाच्या वक्ती अम्मीनं माझं नाव भांड्याभांड्यावर घालून दिलंय. त्या डब्यात मी यहयाला नारलाच्या वड्या दिल्या होत्या. ट्रेनिंगला.

उर्मिला: कधीपासून असेल हे?

मैमुनाबी: मला काय विचारताव? तुमची पोर ईदला आमच्याकडं शीरखुर्म्याची तिसरी वाटी मागत होती.

उर्मिला: आणि तुमचा यहया आमच्या गणपतीत झांजा वाजवत होता. मला वाटलं, संगीताची आवड आहे.

मैमुनाबी: मला वाटलं, शीरखुर्म्याची.

उर्मिला: आधी विचारलं तर मेसेज आला, ‘मम्मा, चिल. इट्स जस्ट अ माउंटन.’

मैमुनाबी: फोटूत हसतेय बघा कशी. दात मोजून घ्या.

उर्मिला: अबू धाबीच्या मुलाचा फोटो दाखवला तेव्हा म्हणाली होती, ‘नाइस शर्ट.’ एवढंच.

मैमुनाबी: माझा तर फुफूच्या पोरीचं नाव काढलं की जेवता जेवता उठतो... किल्ली वाजली, ताई. संजयभाऊ आले.

संजय: अरे वा, भाभी! दोघी मोबाइलमध्ये डोकं घालून काय चाललंय?

मैमुनाबी: भूगोल.

संजय: यहयाही सायप्रसला गेलाय म्हणे. खाली वॉचमन सांगत होता, आणि सांगताना हसत होता. उर्मिला, काही भानगड नाही ना?

उर्मिला: छे! मिहिका दक्षिण उतारावर आहे.

मैमुनाबी: आणि तो उत्तरेला, भाऊ. मधे हा एवढा डोंगर.

उर्मिला: कळसूबाईपेक्षा मोठा.

संजय: मग ठीक आहे. रविवारचं पक्कं कळवून टाकतो त्यांना.

उर्मिला: एवढ्यात नको. वर बर्फ पडलंय, रस्ते बंद आहेत म्हणतात. तिला यायला उशीर होईल.

संजय: किती उशीर?

मैमुनाबी: इन्शाल्ला, बराच.