संत्र्याला भ्यालेला माणूस

...आणि वर मलाच विचारतात, त्यात भिण्यासारखं काय होतं? अहो, तुम्हाला काय जातंय विचारायला! तुमच्या वडिलांनी कधी तुमच्या कंपनीच्या गेटवर दोन पेट्या संत्री आणून उतरवलीत? नाही ना? मग ऐका. तुम्हाला सांगतो, भुताला भ्यालेले खूप असतात, साहेबाला भ्यालेले तर पुण्यात पैशाला पासरी, पण संत्र्याला भ्यालेला माणूस... तो मी पाहिलाय. हडपसरला माझ्याच खोलीत राहतो.

दिग्विजय त्याचं नाव. नाव केवढं, आणि भ्याला कशाला! गाव वरूडकडचं, घरची संत्र्याची बाग, आणि वडील रंगराव असे, की झाडाकडे नुसतं बघून सांगणार, यंदा किती उतरणार. हा केमिस्ट्री शिकून पुण्याला आला आणि आमच्या कंपनीच्या लॅबमध्ये चिकटला. अठ्ठ्याण्णव साल. रोज बाजारात नवी बाटली. लग्नात कोकम सरबत फिरवलं तर पाहुणे नाक मुरडायचे, त्यांना बाटली हवी, आणि बाटलीला नळी हवी. आमची बाटली संत्र्याची. म्हणजे बाटलीवर संत्रं. अर्धं कापलेलं, थेंब ओघळतोय, बघूनच तोंडाला पाणी सुटावं. आत काय? सांगतो हो, घाई काय आहे.

तर ह्या शहाण्यानं नोकरी लागल्यावर घरी पत्र टाकलं, की बाबा, मी संत्र्याच्या रसाच्या कंपनीत लागलो. झालं! रंगरावांनी ते पत्र पारावर बसून वाचून दाखवलं, एकदा नाही, जो येईल त्याला. बरं, वाचून थांबतील तर ते रंगराव कसले? तीन वर्षं त्यांच्या डोक्यात एकच, दिवसाला चाळीस हजार बाटल्या, बाटलीला धरा दोन संत्री, म्हणजे रोजची ऐंशी हजार, आणि त्यात आपल्या गावचं एकसुद्धा नाही? शेवटी गावाला शब्द देऊन बसले, की पोराच्या साहेबाला माल दाखवतो, पुढच्या बहारापासून आपल्या गावचा ट्रक थेट पुण्याला. आणि इकडे दोन ओळींचं कार्ड... सोमवारी येतो, नमुन्याला दोन पेट्या आणतो.

कार्ड वाचून दिग्विजयनं ते गादीखाली दडवलं. कारण त्या कारखान्यात साखरेच्या गोण्या यायच्या, आम्लाची पोती यायची, रंगाचे डबे यायचे, वासाची पिंपं यायची, पण संत्रं? तीन वर्षांत एक नाही! बाटलीवर सगळं खरं छापलेलं बरं का, ‘यात फळ नाही’, अगदी कायदेशीर. फक्त इतक्या बारीक अक्षरांत, की वाचायला बाटली उन्हात धरावी लागे, आणि उन्हात धरली की ती इतकी झकास दिसे, की माणूस वाचायचं सोडून पिऊन मोकळा व्हायचा.

पोराला अन्न जाईना. खानावळीत ताटाला संत्र्याची फोड लावली होती, ती बघून उठला. मी म्हटलं, अरे, वडील चिडतील, चार शब्द बोलतील, सोड ना. तर म्हणाला, ‘मला बोलले तर सोसेन रे. त्यांनी गावाला शब्द दिलाय. मी खोटा ठरलो तर पुण्यात तोंड लपवता येतं, ते खोटे ठरले तर गावात कुठं लपवतील?’ आता मला सांगा, संत्र्याला कोणी भितं का? पण हा भ्याला.

आणि भ्यालेल्या माणसाला काय काय सुचतं बघा. रविवारी मला घेऊन मंडईत. चार डझन संत्री घ्यायची, लॅबमध्ये टोपलीत मांडायची, वडिलांना दारातूनच दाखवायची आणि बाहेर काढायचं. मंडईवाल्याची नजर ह्याच्या खिशावरच्या कंपनीच्या बिल्ल्यावर. अत्यंत शांतपणे म्हणाला, ‘आपण ज्यूसवाले ना? मग आपल्याला संत्री कशाला लागतात?’ म्हणजे अख्ख्या पुण्याला माहीत! माहीत नव्हतं ते एकट्या रंगरावांना.

तर ती पिशवी घेऊन आम्ही गेटवर. गेटवर गेनबा. कारखाना ज्याच्या शेतावर उभा राहिला, तोच हा गेनबा, आता त्याच शेताची राखण करतो, फक्त टोपी कंपनीची. त्यानं पिशवी उघडली आणि पाटीकडे बोट केलं. ‘फळ आत न्ह्यायचं न्हाई, दादा. नियम हाय.’ पाटी रोजचीच, पण त्या दिवशी मी ती पहिल्यांदा वाचली. बाहेरची फळे व खाद्यपदार्थ आत आणू नयेत, माल दूषित होतो. ऐकताय ना? संत्र्याच्या रसाला धोका कोणाचा, तर संत्र्याचा!

सोमवार उजाडला. नऊच्या ठोक्याला रिक्षातून रंगराव उतरले. पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीची टोपी, दोन पेट्या, आणि पहिला प्रश्न गेनबाला, की संत्र्याचं गेट कोणतं? गेनबानं रंगरावांकडे पाहिलं, मग दिग्विजयकडे पाहिलं. पोराचे ओठ पांढरे पडलेले. गेनबाही शेतकरीच शेवटी. म्हणाला, जरा थांबा मामा, मॅडमना विचारून येतो.

मंदाकिनी मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या मुख्य. माणूस भला, पण नियम म्हणजे नियम. त्यांनी रंगरावांना खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, की फळ म्हणून संत्रं आत येऊ शकत नाही, पण नमुना म्हणून येईल. चिठ्ठी केली, नमुना, संत्रं, नग एक. मग ते एकुलतं एक संत्रं स्टीलच्या ताटलीत घालून, झाकून, आत. आणि नमुना तपासायचा कोणी? त्या दिवशी ड्यूटी कोणाची? बरोबर!

बापाचं संत्रं पोरानं सोललं. अहो, काय वास सुटला! सगळी लॅब वळून बघायला लागली, कोणाला कळेना हा कसला नवीन वास. मग ह्यानं रस रंगाच्या तक्त्याला लावला, फिका. गोडी मोजली, ठरल्यापेक्षा कमी. आंबटपणा, भलताच. वास आमच्या पिंपातल्या नमुन्याशी ताडला, जुळत नाही. फॉर्मवर खाली दोनच चौकोन, मान्य आणि अमान्य. पाच मिनिटं पेन तसंच हातात. खोटं लिहावं तर मॅडम शेजारी उभ्या, खरं लिहावं तर वडील काचेपलीकडे बसलेले, आणि हात हलवतायत! तुम्हाला सांगतो, संत्र्याला कोणी भितं का? त्या क्षणी मीसुद्धा भ्यालो.

लिहिलं. अमान्य.

मॅडमनी बाहेर येऊन अदबीनं सांगितलं, की काका, राग मानू नका, आपला माल आमच्या प्रमाणात बसत नाही. चाळीस वर्षांत रंगरावांचं संत्रं कोणी परत केलं नव्हतं. ते उठले आणि सरळ पोरासमोर आले.

‘कोनं तपासला?’

‘मी, बाबा.’

‘मंग तुह्या बाटलीत कोनाचा संत्रा हाये?’

‘कोणाचाच नाही, बाबा. चित्रात आहे तेवढाच.’

रंगरावांनी टेबलावरची बाटली उचलली, उन्हात धरली, बारीक डोळे करून वाचली. हो, वाचली! मग सबंध प्यायले. तोंड पुसलं. पेट्या गेनबाच्या हवाली केल्या, वाटून टाक म्हणाले, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. शिव्या घातल्या असत्या तर पोरगं जेवलं तरी असतं.

पंधरा दिवसांनी पत्र. माझ्याकडे देऊन म्हणाला, तू वाच, माझ्यात हिंमत नाही. वाचलं. रंगरावांनी पारावर बसून सगळ्या गावाला खरं ते सांगितलं होतं, पण कसं? की आपन वर्षभर पानी देतो, फवारतो, माकडं हाकलतो, तवा कुठी एक संत्रा हाती लागते, आन् माहा पोट्टा संत्रा नसतानी संत्र्याचा रस काढते! गावानं सत्कार ठरवलाय. शाल, श्रीफळ, फोटोग्राफर. आता हे कौतुक की जोडा, ते पत्र मी आठ वेळा वाचलं, दिग्विजयनं ऐंशी वेळा, आम्हाला अजून कळलेलं नाही.

खाली एक ओळ होती. ‘येताना चार क्रेट बाटल्या आण. पाहुण्यांना द्यायला पाहिजेत. आपली संत्री काय, झाडालाच लागतात.’

काय करणार... गेलाय क्रेट घेऊन.