विलायती सायकलवरून उतरताना

तुम्ही हसाल, पण भंगारातल्या त्या जुन्या पोलादी फ्रेमची कंपनी कोणालाच ओळखू येईना, तेव्हा मीच ती विलायती ठरवली. घासली, रंगवली, चाकं-पायडल जोडली. ती माझ्या उंचीची आहे का, एवढंच पाहायचं राहिलं.

आमच्या सिहोरा गावात घरच्या ओट्यावरून सायकलवर ऐटीत बसलो. चक्कर मारून उतरायला गेलो, तर पाय जमिनीला पुरेनात आणि ओट्यावर पाय टेकवावा, तर तिथं माझी सायकल पाहायला अर्धं गाव चढलेलं.

बायको म्हणाली, "अजी, उतरा ना आता."

"मले मजा येऊन राहिली. तू चहा ठेव."

शेवटी पाण्यात कमी लागेल म्हणून हँडल तलावाकडे वळवलं. काठावरचा मासेमार शांतपणे म्हणाला, "काका, जरा तिकडून पडा. इथं जाळं टाकून राहिलो."