फर्निचरच्या दुकानातलं गणित

अहो, मीटिंगमध्ये मी एवढंच म्हणालो होतो, पगाराचा आणि शिकवण्याचा काय संबंध? सरकारी शाळा, पालकांची मीटिंग, गणिताच्या बाई म्हणाल्या, पगार वाढवा असं वरती कळवू या, पालकांनीही सह्या करा... मी उठलो, म्हटलं, बाई, शिकवणं हे व्रत आहे, व्रताला कसला आलाय पगार? टाळ्या पडल्या, तुम्हाला सांगतो, जन्मात पहिल्यांदा...

आणि महिन्याभरात बाई गेल्या की फर्निचरच्या दुकानात, सेल्सला. म्हटलं, दुसरं कुणी येईल. त्या पगारात कोण येतंय? गणिताला उभे केले पीटीचे सर. 'अपूर्णांक म्हणजे जो पूर्ण नाही तो... लिहा... पुढे चल.' आमची सातवीतली पोरगी, खेळता खेळता गणितं सोडवणारी, वही मिटून बसायला लागली, म्हणते, 'बाबा, मी ढच आहे.'

आमची ही म्हणाली, 'आपल्या लॉन्ड्रीतला इस्त्रीवाला सोडून निघाला, तेव्हा त्याचा पगार लगेच कसा वाढवलात?' म्हटलं, त्याचं वेगळं, तो गेला तर नवख्याच्या हातून लोकांचे कपडे जळतील. पण इथे पगाराचा काय संबंध?

शेवटी पोरीला घेऊन गेलो दुकानात, म्हटलं, बाई, परत या. बाई म्हणाल्या, 'दादा, शिकवायला आवडतंच हो मला. पण सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, त्या पगारात भागेना.' मग पोरीला म्हणाल्या, 'काय अडलंय गं?' आणि तिथंच पुठ्ठ्यावर कपाट काढलं, कप्पे पाडले, एक कप्पा म्हणजे कितवा भाग, दोन म्हणजे किती... पोरगी हसली, कितीतरी दिवसांनी. तेवढ्यात मालक, 'मॅडम, गिऱ्हाईक घेणारं आहे की बसणारं?' मी घाईनं म्हटलं, घेणारं, घेणारं... आणि स्टूल घेतलं.

पुढच्या रविवारी गुणोत्तर अडलं, टीपॉय आला. सरासरीत चपलांचं रॅक. टक्केवारी काही केल्या डोक्यात शिरेना, तिला अख्खा पलंग लागला... आणि विकलेल्या प्रत्येक वस्तूवर बाईंना कमिशन, म्हणजे द्यायचे ते देतोच आहे मी, वर दुकानदाराचा नफा, टेम्पोचं भाडं, हमाली... पगाराचा काय संबंध, म्हणे.

परवा पोरगी उड्या मारत आली, 'बाबा, भूमिती सुरू झाली.' मी टेप घेतली, आणि सोफ्यापुरती भिंत मोजायला लागलो.