माझ्या जिभेवर विसंबले

माझं माहेर पेनकडं, सासर हे खाडीकाठचं, दोन्हीकडं मिठागरं, तेव्हा मीठ काय ते मला शिकवायला कोनी नको. स्वराज्य आलं त्या साली लगीन होऊन आले नि पहिल्याच उन्हाळ्यात सासऱ्यांनी मला मिठाच्या कोंडीवर नेलं, जिथं खाडीचं पानी उन्हात आटवतात, म्हनाले, चाख गो पोरी, पानी मीठ धरायला तयार झालं का, मी बोट बुडवून जिभेला लावलं नि सांगितलं, न्हाय, अजून उन्हं पायजेत. तसंच निघालं. मग मुकादमसुद्धा मला हाक मारी. आमचे हे गावभर सांगत, माझी बायको भांडखोर हाय, पन तिची जीभ खोटं बोलत न्हाय.

काय सांगू तुम्हाला, त्याच जिभेनं घात केला.

ह्यांचे पाय सुजले. आता मिठागरात कोनाचे पाय धड असतात, सुजतात, फुटतात, आम्ही खोबरेल चोळून गप बसलो. मग जेवन नकोसं झालं, ओकाऱ्या, नि बसल्या बसल्या धाप, जसं कोनी मिठाची पाटी घेऊन बांध चढतंय. पनवेलच्या डॉक्टरनं रक्त तपासायला मुंबईला धाडलं नि म्हनाला, बाई, ह्यांच्या मूत्रपिंडाला जुना आजार हाय, घान बाहेर पडत न्हाय, रक्तात आम्ल वाढलंय, नि ते वाढलं का मूत्रपिंड आनखी बिघडतं. मीठ बंद, सुकट बंद, नि ही पांढरी पूड रोज पान्यातून द्यायची, चुकायचं न्हाय.

पूड दिली तशी धाप बसली, बरं का. मानूस अंगनात येऊन बसायला लागला, बोंबलाची आठवन काढायला लागला. एक दिवस पूड कालवताना बोट तोंडात गेलं, सवयच ती. खारट! जरा साबनासारखी, पन खारटच. अगो बाय, म्हटलं, मीठ बंद सांगतो नि पुडीत खारट देतो, कंपाउंडरनं चुकीची पुडी बांधली. पनवेलला जाऊन विचारायचं, तर तेव्हा मीठ ओढायची घाई, कोन जातंय! बंद केली. हे म्हनाले, अगो, तिनं मला बरं वाटायचं. मी खेकसले, तुम्हाला जास्त कळतं का मला? तसे हसले नि म्हनाले, राहूं दे, तुझी जीभ कधी चुकलीय का.

धाप परत आली, पयल्यापेक्षा खोल, बोलता येईना, डोळे मिटायला लागले. बैलगाडीत घालून नेलं. डॉक्टरनं विचारलं, पूड चालू हाय ना? मी सांगितलं तसा कपाळाला हात लावला, रागावला पन न्हाय. बाई, तो खायचा सोडा व्हता, रक्तातलं आम्ल मारायला दिलेला, खारट लागला तरी तुमचं मीठ न्हवे तो. परत दिला, पन तोवर मूत्रपिंड पार थकलं व्हतं. पावसाआधीच हे गेले.

लोक म्हनतात, आजारच तसला, वाचले नसतेच. डॉक्टरही तेच म्हनाला. असंल. पन सुखानं श्वास तरी घेतला असता ना हो? मीच न्हाय घेऊ दिला.

मुकादम अजून हाक मारतो, वयनी, पानी चाखा. मी जावेला पुढं करते, बोट बुडवत न्हाय. तुम्ही लिहिताच हाय तर एवढं लिहा, घरातलं आजारी मानूस म्हनालं, ह्यानं मला बरं वाटतं, तर त्याचं ऐकावं. तुमची मानसं सुखानं श्वास घेऊं देत, बाबा.